डॉक्टरांना दुखणे कसे लिहावे?

(नाशिक जिल्ह्यातील एका प्रौढ साक्षरता वर्गात निवृत्त मुख्याध्यापकांनी दिलेले भाषण)



मागच्या महिन्यात आपण पत्र लिहायला शिकलो. मग ग्रामपंचायतीला नळाच्या पाण्याबद्दल अर्ज लिहिला. आज आणखी एक गोष्ट लिहायला शिकू. ती म्हणजे आपले दुखणे.

तुम्ही म्हणाल, "मास्तर, दुखणं काय लिहायचं? दुखणं सांगायचं असतं."

खरे आहे. आजवर आपण सांगतच आलो. दवाखान्यात बाकावर बसायचे. नंबर आला की आत जायचे. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" आपण म्हणतो, "बरं वाटत नाही." मग डॉक्टर जीभ बघतात. पोट दाबून बघतात. छातीला नळी लावतात. आपण दारातून आत आलो तेव्हाच त्यांनी आपली चाल पाहिलेली असते. चेहरा पाहिलेला असतो. म्हणजे आपण अर्धेच सांगितले, तरी उरलेले पुष्कळसे त्यांना दिसते.

आता डॉक्टरांना गाठायची आणखी एक वाट झाली आहे. ती मोबाइलमधून जाते. तिचे नाव ई-संजीवनी. ही भारत सरकारची सेवा आहे. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने ती तयार केली. २०१९ साली ती आरोग्य केंद्रांमध्ये सुरू झाली. पुढे करोना आला. टाळेबंदी झाली. दवाखान्यात जायची सोय राहिली नाही. तेव्हा १३ एप्रिल २०२० पासून ती घरच्या मोबाइलवरही मिळू लागली. २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत देशात १० कोटी वेळा लोकांनी तिच्यातून डॉक्टरांचा सल्ला घेतला होता. १० कोटी म्हणजे एकावर आठ शून्ये. वहीत लिहून बघा.

या सेवेला पैसे पडत नाहीत. हे पहिल्यांदा ध्यानात ठेवा. कुणी पैसे मागितले, तर तो ई-संजीवनीचा माणूस नव्हे.

आपल्या जिल्ह्यात ही सोय का हवी, ते मी तुम्हांला सांगायला नको. सुरगाणा नाशिकपासून नव्वदेक किलोमीटर आहे. पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतले पाडे डोंगरात आहेत. मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे म्हणजे पहाटेची गाडी धरायची. त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयात यायचे. केसपेपर काढायचा. संध्याकाळची गाडी चुकली की मुक्काम. मजुरी बुडते, भाडे जाते. बरोबर एक माणूस लागतो, त्याचीही मजुरी बुडते. आणि पुष्कळदा डॉक्टर सांगतात, "काही काळजी नाही, याच गोळ्या चालू ठेवा." एवढे एक वाक्य ऐकायला दोन माणसांचा दिवस जातो. ते वाक्य घरी बसून ऐकता आले तर बरे नाही का?

दूर राहणाऱ्या माणसाची ही अडचण साऱ्या जगात आहे. ऑस्ट्रेलिया नावाचा फार मोठा देश आहे. वस्ती विरळ. एका घरापासून दुसरे घर मैलोगणती दूर. तिथे १९२८ साली विमानातून जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. पण डॉक्टरांना कळवायचे कसे? तारा नाहीत, वीज नाही. तेव्हा ट्रेगर नावाच्या कारागिराने एक रेडिओ बनवला. त्याला सायकलसारखे पॅडल होते. पायाने पॅडल मारायचे, वीज तयार व्हायची, आणि निरोप जायचा. आपल्या शिवणयंत्रावर बाया पाय मारतात ना, तसेच.

पुढे १९४२ पासून घरोघर औषधांच्या पेट्या दिल्या. पेटीतल्या प्रत्येक औषधाला नंबर. बाई रेडिओवरून सांगे, "मुलाला असं असं होतंय." डॉक्टर म्हणत, "अमुक नंबरची बाटली काढा." बाई ती काढून देई.

विचार करा. डॉक्टर शेकडो मैल दूर. त्यांना मूल दिसत नाही. त्यांच्याजवळ फक्त त्या आईचे शब्द. आईने चुकीचे सांगितले, तर नंबरही चुकीचा निघणार. डॉक्टर कितीही हुशार असला तरी.

आजच्या मोबाइलवर डॉक्टर पडद्यावर दिसतात, आपणही त्यांना दिसतो. एवढा फरक आहे. पण ते आपल्या पोटाला हात लावू शकत नाहीत. म्हणून शब्दांचे काम आजही तेवढेच आहे.

आता हे काम चालते कसे ते बघू. मोबाइलमध्ये ई-संजीवनी उघडायची. आपला मोबाइल नंबर घालायचा. मग आपल्या मोबाइलवर एक आकडा येतो. त्याला ओटीपी म्हणतात. तो आकडा तिथे भरायचा. मग नाव, वय, बाई की पुरुष, गाव, जिल्हा. त्यानंतर तक्रार लिहायची. जुने कागद असले तर त्यांचे फोटो जोडायचे. मग रांगेतला नंबर मिळतो. आपला नंबर आला की डॉक्टर पडद्यावर येतात. बोलणे झाले की औषधांची चिठ्ठी मोबाइलमध्येच येते.

फॉर्मचे रूप अधूनमधून बदलते. कुठे मराठी शब्द येतात, कुठे इंग्रजी. त्याला भिऊ नका. हा फॉर्म म्हणजे आपला केसपेपरच. दवाखान्यातला केसपेपर दुसरा माणूस लिहितो. हा आपण लिहायचा, एवढेच.

विलायतेतही आता असेच आहे. तिथल्या इंग्लंड देशात १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रत्येक सरकारी करारावरच्या दवाखान्याने सोमवार ते शुक्रवार दिवसभर असा फॉर्म उघडा ठेवायचा, असा नियम झाला आहे. तिथे नोकरीला गेलेली आपली मुलेसुद्धा आधी फॉर्म भरतात, मग डॉक्टरांचा फोन येतो. म्हणजे फॉर्म भरण्याची कटकट काही खेड्यापाड्यातल्या गरिबाच्याच वाट्याला आली आहे, असे समजू नका.

आता मी तुम्हांला एका बाईंची हकिगत सांगतो. या बाई आपल्यासारख्याच एका वर्गात शिकल्या. "गोष्ट सांगा, पण नाव सांगायचं नाही," असे त्यांनी मला बजावले आहे.

बाईंचे वय ४७. तीन महिने त्यांच्या अंगावरून जात होते. पोटात दुखायचे. शेताचा चढ चढताना धाप लागायची. घरात बोलायची चोरी. शेवटी पुतण्या म्हणाला, "काकू, मोबाइलवर डॉक्टर मिळतो. काय होतंय ते सांग, मी भरतो."

आता पुतण्याला काय सांगणार? वीस वर्षांचा पोरगा. बाई म्हणाल्या, "पोट दुखतं." त्याने लिहिले, पोट दुखते. डॉक्टर पडद्यावर आले. पुतण्या शेजारीच उभा. डॉक्टरांनी विचारले, "आणखी काही त्रास?" बाई म्हणाल्या, "नाही." डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्यांना जे सांगितले, त्यावर त्यांनी दिल्या. त्यांचा काय दोष? बिचाऱ्या पुतण्याचाही दोष नाही. त्याने चांगल्या मनानेच केले.

गोळ्या संपल्या. दुखणे होते तसेच राहिले.

पुढे बाई वर्गात येऊ लागल्या. जोडाक्षरे यायला त्यांना वेळ लागला, पण चिकाटी मोठी. एक दिवस त्या उपकेंद्रात गेल्या. तिथल्या ताईंना म्हणाल्या, "मोबाइल माझ्या हातात द्या. मी लिहिते." आणि त्यांनी लिहिले :

'तीन महिने पाळी थांबत नाही. दिवसातून पाच-सहा कापडे बदलते. गाठी पडतात. ओटीपोटात कळ येते. चढ चढताना धाप लागते.'

मोजा बरे. पाच वाक्ये. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या, त्या मी इथे काढून टाकल्या. पण डॉक्टरांना त्या चुकांशी काही कर्तव्य नव्हते. डॉक्टरीणबाईंनी वाचले आणि म्हणाल्या, "हे फोनवर होण्यासारखं नाही. तुम्हांला तपासावं लागेल. आधी रक्त तपासा, आणि लगेच नाशिकला या." रक्त तपासले तर फारच कमी. सोनोग्राफीत पिशवीला गाठ दिसली. ऑपरेशन झाले. आता बाई बऱ्या आहेत, कांदे निंदायला जातात.

पुतण्याने लिहिले ते दोन शब्द, आणि बाईंनी लिहिली ती पाच वाक्ये. दुखणे तेच, बाई त्याच.

म्हणून मी म्हणतो, होता होईल तो आपला फॉर्म आपण भरावा. निदान आपल्यासमोर भरून घ्यावा, आणि 'पाठवा' दाबण्याआधी स्वतः वाचून बघावा. बाईमाणसाला बाईजवळच सांगावेसे वाटते, त्यात गैर नाही. उपकेंद्रातल्या ताई, आशाताई, नाहीतर मोठी मुलगी जवळ घ्यावी. पडद्यावर डॉक्टर आले की "जरा बाहेर थांब रे बाबा," असे पुतण्याला खुशाल सांगावे.

आता लिहायचे काय, ते बघू.

'तब्येत बरी नाही' हे वाक्य फॉर्मात लिहू नका. बरी असती तर कशाला फॉर्म भरला असता? 'अंग मोडून आले आहे' हे त्याहून बरे. 'दोन दिवस ताप, संध्याकाळी थंडी वाजून येतो' हे त्याहून बरे. कळले ना मी काय म्हणतो ते?

दुखण्याला आपल्या भाषेत किती शब्द आहेत! मी एकदा फळ्यावर लिहायला बसलो तर फळा भरला. फोड ठणकतो. गळू ठसठसते. काटा सलतो. पाठीत उसण भरते, चमक निघते. पोटात मुरडा येतो, कळ येते. छातीत जळजळते. लघवीला आग होते. डोळे चुरचुरतात. पायाला मुंग्या येतात. पोटरीत वांब येतो. डोके भणभणते. डोके गरगरते. अंगात कणकण असते. या साऱ्यांना आपण दवाखान्यात गेलो की एकच शब्द लावतो : 'दुखतंय'. हे म्हणजे घरात दहा तऱ्हेची भांडी असून पाहुण्याला सारे एकाच ताटात कालवून वाढण्यासारखे आहे.

हे शब्द खेडवळ आहेत म्हणून लाजू नका. डॉक्टरांना ते कामाचे असतात. पोटात जळजळ होणे वेगळे, आणि मुरडा येणे वेगळे. मुरडा आला, तर डॉक्टर विचारतील, "जुलाब आहेत का? रक्त पडतं का?" जळजळ असली, तर विचारतील, "जेवणाआधी होते की नंतर?" डोके भणभणणे वेगळे आणि गरगरणे वेगळे. एका शब्दावरून त्यांची पुढची वाट ठरते. इंग्रजी शब्द माहीत नसला तर बिघडत नाही. उलट ऐकीव इंग्रजी शब्द लिहिला तर घोटाळा होतो. कुणी साध्या जळजळीला 'ॲटॅक' म्हणतो, आणि कुणी खऱ्या ॲटॅकला 'गॅस' म्हणतो. दुसरा घोटाळा फार वाईट. त्याबद्दल पुढे बोलतो.

शब्द मराठीत टाइप करता येतात. बोटे चालत नसली, तर मोबाइलमध्ये माइकचे चित्र असते. ते दाबून बोलले की मोबाइल स्वतः लिहितो. पण त्याने काय लिहिले ते वाचून बघा हं! आपली खानदेशी वळणाची बोली त्याला नीट कळत नाही. आपण बोलतो एक, तो लिहितो भलतेच. इथेच तुमचे वाचन उपयोगी पडते. ज्याला वाचता येत नाही, त्याला मोबाइलने काय लिहिले ते कधी कळणारच नाही.

मग किती दिवसांपासून, ते लिहा. 'खूप दिवस' लिहू नका. माझे 'खूप' वेगळे, तुमचे 'खूप' वेगळे. तारीख आठवत नसली तर सण आठवा. पोळ्याच्या आधी की नंतर? गणपती बसले होते का? त्यावरून हिशेब करा आणि आठवडे लिहा. दुखणे वाढते आहे की कमी होते आहे, तेही लिहा.

वय खरे लिहा. आपल्याकडे वय विचारले की लोक म्हणतात, "असेल साठ-सत्तर." मी स्वतः ७२ च्या दुष्काळात दुसरीत होतो. ज्यांना जन्मतारीख ठाऊक नाही त्यांनी असेच एखाद्या सालावरून काढावे. लहान मुलाचे वजन लिहा, कारण मुलाचे औषध वजनावर ठरते. अंगणवाडीत वजन होते, ते वहीत टिपून ठेवा. आणि मुलासाठी सल्ला घेताना मोठे माणूस समोर हवे, असा नियमच आहे. बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर ते पहिल्या ओळीत लिहा. काही औषधे अशा वेळी चालत नाहीत.

चालू असलेल्या गोळ्या लिहा. साखरेच्या, बीपीच्या, कसल्याही. नाव लिहिता आले नाही तर गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो जोडा. 'पांढरी गोळी' म्हणून कळत नाही. गोळ्या बहुतेक पांढऱ्याच असतात. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील, तोंड सुजले असेल, तर तेही न विसरता लिहा.

आणि काही लपवू नका. हे सांगायला सोपे, करायला अवघड, मला ठाऊक आहे. भगताकडून मुळी आणून उगाळून घेतली असली, तर लिहा. दारू घेत असाल तर लिहा. मिसरी लावत असाल तर लिहा. डॉक्टर काही पोलीस पाटील नव्हेत. मुळीत काय होते ते त्यांना कळले नाही, तर तिच्यावर दुसरे औषध दिले जाते आणि दोन्हींचे भांडण आपल्या पोटात होते.

अंगावर पुरळ असेल, जखम असेल, तर फोटो जोडावा. उजेडात, उन्हाकडे पाठ करून काढावा. आधी हळद, राख, काय लावले असेल ते हलक्या हाताने धुऊन टाकावे. हळदीचा फोटो पाहून डॉक्टर काय सांगणार?

आता एक फार महत्त्वाची गोष्ट. जरा नीट बसा. मागच्या बाजूचे लोक, इकडे लक्ष द्या.

काही दुखण्यांना फॉर्म भरायचाच नसतो. फॉर्मला रांग असते. रांगेत थांबण्याइतका वेळ काही दुखणी देत नाहीत.

छातीत दाब आला, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली, दरदरून घाम सुटला : फॉर्म नको. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले : फॉर्म नको. श्वास घेता येत नाही, आकडी आली, माणूस शुद्धीवर नाही, गरोदर बाईच्या अंगावरून रक्त गेले, मूल भाजले : फॉर्म नको. १०८ हा नंबर लावा. गाडी येईल. तोवर गावात दुसरी गाडी मिळाली तर तीही धरा. हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

साप चावला तर सरळ आरोग्य केंद्रात नाहीतर ग्रामीण रुग्णालयात. दोरी आवळून बांधू नका. ब्लेडने कापू नका. पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. सापाच्या विषावरचे औषध सुईने द्यावे लागते, ते मोबाइलमधून येत नाही. देवळात नेण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

निफाड, दिंडोरीकडचे लोक इथे आहेत. द्राक्षबागेत फवारणी करताना कुणाला मळमळले, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर अंगावरचे कपडे काढा, साबण लावून अंग धुवा आणि लगेच दवाखान्यात न्या. उलटी करवू नका. फवारणीच्या औषधाची बाटली बरोबर न्या. बाटलीवरचे नाव हाच तिथला फॉर्म.

मघाशी मी 'गॅस'बद्दल म्हणालो. छातीत दाब आल्यावर सोडा पिऊन, ओवा खाऊन सकाळपर्यंत थांबलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांतली काही सकाळ पाहू शकली नाहीत. शंका आली तरी निघावे. गॅस निघाला तर हसत परत यावे.

मनाच्या दुखण्यासाठी वेगळा नंबर आहे : १४४१६. तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाला. झोप लागत नाही, कशात जीव रमत नाही, जगणे नकोसे वाटते, कर्जाचा घोर लागला आहे, तर तिथे फोन करावा. तिथे मराठीत बोलता येते. पैसे पडत नाहीत. रात्रीही उचलतात.

फॉर्म भरला आणि डॉक्टर पडद्यावर आले, म्हणजे प्रत्येक वेळी औषध मिळेलच असे नाही. वर सांगितलेल्या बाईंना जसे सांगितले तसे ते म्हणतील, "समोर येऊन दाखवा." मग रागावू नका. २५ मार्च २०२० ला डॉक्टरांसाठी याचे नियम निघाले. दुखणे फोनवर कळण्यासारखे नसेल, तर रोग्याला तपासायला बोलवावे, असे त्यात आहे. गुंगीच्या आणि सवय लागणाऱ्या काही गोळ्या फोनवरून द्यायच्या नाहीत, असेही आहे. तेव्हा 'तीच झोपेची गोळी द्या' म्हणून हट्ट धरू नका.

चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. तो आहे का बघा. मग औषध किती वेळा, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, हे वाचा. समजले नाही तर बोलणे चालू असतानाच विचारा. मी तर म्हणेन की वही-पेन्सिल हातात घेऊनच बसा, आणि शेवटी म्हणा, "डॉक्टरसाहेब, मी वाचून दाखवते, बरोबर आहे का सांगा." असे म्हणायला लाज कसली? शाळेत आम्ही शुद्धलेखन घातले की मुलांना ते परत वाचायला लावत होतो.

ओटीपीचेही सांगून टाकतो. तो आकडा म्हणजे घराची किल्ली. आपल्या फॉर्मात आपण भरायचा. फोन करून कुणी मागितला, मग तो गोड बोलणारा असो की साहेबी आवाजाचा असो, द्यायचा नाही. मोबाइलवर 'डॉक्टरचा नंबर' म्हणून शोधू नका. तिथे ठकही बसलेले असतात. खरा पत्ता उपकेंद्रातून किंवा आशाताईंकडून घ्या. केंद्र सरकारच्या खऱ्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' अशी अक्षरे असतात. कुणी फसवून पैसे काढलेच, तर १९३० या नंबरावर ताबडतोब कळवा. जितके लवकर, तितके बरे.

आता तुमच्यातले काही म्हणतील, "मास्तर, हे सगळं खरं, पण आमच्याकडं मोठा मोबाइल नाही. आणि आमच्या पाड्यावर रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं." पोटात कळ घेऊन टेकडी चढायची, हे काही शहाणपणाचे नाही. त्यांच्यासाठी उपकेंद्र आहे. २०२३ पासून त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. पाटी बदलली, घाबरू नका, दवाखाना तोच. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. ते बीपी मोजतात, साखर तपासतात, आणि त्यांच्याकडच्या यंत्रावरून ई-संजीवनीच्या डॉक्टरांशी आपली गाठ घालून देतात. मला विचाराल तर म्हाताऱ्या माणसांना ही वाट जास्त चांगली. जवळ कुणीतरी शिकलेले माणूस असते, आणि नाडी बघायला एक हातही असतो. डॉक्टर कोणत्या वेळी मिळतात ते तिथे आधी विचारून घ्या.

तिथे गेलात तरी आपली पाच वाक्ये घरून लिहून न्या. कागदावर, वहीच्या पाठीमागे, कशावरही. तिथे गर्दीत आठवत नाही, आणि चार माणसांपुढे काही गोष्टी तोंडातून निघत नाहीत. कागद पुढे केला की झाले.

आता वह्या काढा. सगळ्यांनी एक खोटे दुखणे घ्या. खरे असेल तर खरे घ्या, पण ते मला दाखवू नका, घडी घालून ठेवा. पाच वाक्ये लिहा. काय होते, कुठे होते, कधीपासून, वाढते की कमी होते, कोणत्या गोळ्या चालू आहेत. 'दुखते' हा शब्द वापरायचा नाही. दुसरा शोधा. पुढच्या गुरुवारी उपकेंद्रातल्या ताई येणार आहेत. घरातल्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणा, त्यांच्यावरची नावे आपण वाचून बघू. मुदत संपलेली निघाली तर ती बाजूला काढू.